पांदणीची बैठक

श्रोतेहो, नमस्कार. अमरावती जिल्ह्यात दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जी यांच्या मध्ये असलेल्या आमच्या गावात गेल्या वैशाखात शेतांकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यासाठी एक बैठक झाली. तिच्यात रस्त्याविषयी काय ठरले हे मी आज सांगणार नाही, कारण तसे फारसे काही ठरलेच नाही. विषय सोडून जे बोलले गेले, ते मात्र सांगण्यासारखे आहे.

रात्रीची जेवणे आटोपून मारुतीच्या पारावर तीसेक माणसे जमली होती, आणि समोरच्या ओट्यावर बायाबापड्या बसल्या होत्या. प्रश्न साधा होता. गावापासून नाल्यापर्यंतची पांदण दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी, म्हणजे शेतांच्या बांधांनी, सरकत सरकत गिळली आहे; ती मोकळी करून मुरूम टाकायचा, तर एकरी वर्गणी किती घ्यायची? आमची जमीन काळी आणि खोल. पावसाळ्यात ट्रॅक्टरसुद्धा रुतून बसतो. सरपंचांनी वर्गणीचा आकडा उच्चारला आणि मागे बसलेले एक आबाजी म्हणाले, “याच पांदणीत माही बैलबंडी कापसासकट फसली होती, बाप्पा.” झाले! पांदण तिथेच राहिली आणि बंडी पुढे निघाली.

ती बंडी एकाधिकार खरेदीच्या केंद्राकडे चालली होती. १९७२ साली सुरू झालेल्या त्या योजनेत कास्तकाराला आपला कापूस पणन महासंघालाच द्यावा लागे, खाजगी व्यापाऱ्याला विकता येत नसे. हंगामात केंद्राबाहेर बंड्यांची अशी रांग लागे की माणसे बंडीखालीच निजत आणि गोवऱ्यांवर रोडगे भाजून खात. ग्रेडर मूठभर कापूस हातात घेऊन प्रत ठरवायचा, तेवढा वेळ घरचे सगळे कर्ज डोळ्यांसमोर उभे राहायचे, असे आबाजी सांगत होते. त्यांच्या शेजारच्या काकांना त्याच रांगेत ठरलेली आपल्या बहिणीची सोयरीक आठवली, आणि चुकाऱ्याचा, म्हणजे कापसाच्या पैशांचा, हप्ता लांबल्यामुळे ते लग्नही कसे लांबले, तेही त्यांनी ओघात सांगून टाकले. अशा वेळी “विषयावर या” म्हणणारा अध्यक्ष माझ्या मते शुद्ध अडाणी. आमचे सरपंच तसे नाहीत; त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

वाद पेटला तो बंडी फसली ते साल कोणते यावर. आमच्याकडे जुनी माणसे साल आकड्याने सांगत नाहीत. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळाला, म्हणून ते मिलोचे साल. आबाजींनी खूण दिली, “तवा शकुंतला कोयशावर होती.” ही शकुंतला म्हणजे यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना त्या काळी जोडणारी आमची अरुंद रुळांची आगगाडी. तिचे नाव निघताच उरलीसुरली बैठकही हातची गेली. एकाने सांगितले, की धावत्या गाडीतून उतरून, लघवी करून, तो पुन्हा त्याच डब्यात चढला होता. दुसऱ्याने उतरून ओटाभर बोरे तोडली होती. तिसरा म्हणाला, की त्याने उतरून शेतात डवऱ्याने कोळपणीची एक ओळ काढली, बैलांना पाणी पाजले, आणि मग पुढच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसला. या तिसऱ्याला कोणी अडवले नाही, कारण थाप एवढी मोठी झाली की ती कापण्यात मजा उरत नाही.

एवढ्यात एका पोराने मोबाइलवर शोधून सांगितले, की मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये निघाले आणि डिझेलचे आले. म्हणजे बंडी त्याआधी फसली असणार. आबाजी चिडले. “तुह्या मोबाइलले माहे बैल माईत हायेत काय?”

निकाल ओट्यावरून आला. एक मावशी म्हणाल्या, की त्या वर्षी सीतादहीच्या दिवशीच अवकाळी पाऊस आला होता. कापसाची पहिली वेचणी काढताना आमच्याकडे पऱ्हाटीला दहीभात दाखवतात, ती सीतादही. मावशींची धाकटी तेव्हा पाळण्यात होती, आणि तिच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९८६ आहे. साल सापडले. पण मावशी थांबल्या नाहीत. बंडी काढायला त्यांचे यजमान गेले होते, दोर बांधला तो निंबाला, आणि तो निंब पांदणीच्या काठावर होता, हे त्यांना पक्के आठवत होते. कारण पाळणाही त्याच निंबाच्या फांदीला टांगलेला होता.

पार एकदम गप्प झाला. तो निंब आजही उभा आहे, पण पांदणीच्या काठावर नाही. एका शेतात, धुऱ्यापासून चांगला सात हात आत आहे. त्या शेताचे मालक बैठकीतच बसले होते. ते उठले आणि अंधारात आपल्या चपला शोधू लागले. रात्र फार झाली, सकाळी म्हशीचे दूध काढायचे आहे, असे काहीसे ते पुटपुटले. सरपंचांनी तंबाखू थुंकली आणि पुढची बैठक बुधवारी ठेवली.

बुधवारी ते मालक सोयरिकीसाठी परतवाड्याला गेले होते.