उजेड वाढवणारी एडना

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर आजचा विषय 'ब्रिटिश नीतिनाट्यातली सामाजिक जबाबदारी आणि वर्ग' असा छापला आहे. नीतिनाट्य म्हणजे माणसाच्या बऱ्या-वाईट वागण्याचा हिशेब मांडणारं नाटक. त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी मला एका मोलकरणीबद्दल बोलायचं आहे. इंग्रज नाटककार जे. बी. प्रीस्टली यांच्या 'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स' या नाटकात एकंदर सात पात्रं. त्यातल्या सहांबद्दल शंभरदा बोलून झालंय. सातवी एडना. तिच्या वाट्याला मोजून चार-दोन वाक्यं. हे नाटक कळायचं असेल तर तिच्यापासून सुरुवात करावी, असं मी बरीच वर्षं म्हणत आलोय, आणि आज इतकी माणसं ऐकायला बसली आहेत तर सविस्तर सांगतोच.

नाटक आपल्यापैकी अनेकांनी वाचलेलं असेल, म्हणून गोष्ट थोडक्यात. १९१२ सालचा वसंत, इंग्लंडच्या उत्तर मिडलँड्समधलं ब्रमली नावाचं काल्पनिक कारखान्यांचं गाव. कारखानदार आर्थर बर्लिंग यांच्या घरी मुलीच्या साखरपुड्याची मेजवानी चालू आहे. गूल नावाचा पोलीस इन्स्पेक्टर येतो. एव्हा स्मिथ नावाची एक मुलगी जंतुनाशक पिऊन मेली आहे, एवढं सांगतो आणि एकेकाला बोलतं करतो. तिने पगारवाढ मागितली म्हणून बापाने, आर्थर बर्लिंगने, तिला कारखान्यातून काढलेलं. मुलीने, शीलाने, दुकानात रागाच्या भरात तक्रार करून तिची दुसरी नोकरी घालवलेली. होणाऱ्या जावयाने, जेराल्ड क्रॉफ्टने, तिला ठेवलेलं आणि सोडलेलं. मुलगा एरिक तिच्या पोटातल्या मुलाचा बाप. आणि आईने, ती मदत मागायला आली तेव्हा, तिला रिकाम्या हाताने परत पाठवलेलं. कायद्याच्या पुस्तकात बसेल असा गुन्हा जवळजवळ कुणीच केलेला नाही. एरिकने बापाच्या ऑफिसातून पन्नासेक पौंड उचलले होते तेवढेच.

आता पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर काम कोण करतंय ते पाहा. एडना. शँपेनचे ग्लास आणि बशा उचलतेय, पोर्ट वाइनची सुरई, सिगारचा डबा मांडतेय. बर्लिंगसाहेबांचं पहिलं वाक्य तिलाच उद्देशून आहे, पण त्यातलं मन जावयाकडे: ही पोर्ट तुला आवडेल, तुझे वडील त्याच दुकानदाराकडून हीच घेतात. जेराल्डचे वडील सर जॉर्ज क्रॉफ्ट, मोठ्या कारखान्याचे मालक. आईला, लेडी क्रॉफ्टना, ही सोयरीक थोडी खालची वाटते हे बर्लिंगना ठाऊक आहे, म्हणून आपल्यालाही लवकरच 'सर' मिळेल असं ते जेराल्डच्या कानावर घालून ठेवतात. त्याआधी, पोर्टपाठोपाठच, ते जेवणाची तारीफ करतात, बायकोला म्हणतात, स्वयंपाकिणीला माझ्याकडून सांग. त्यावर बाई नवऱ्याला दटावतात: असं बोलायचं नसतं. का नसतं? कारण पाहुण्यांसमोर स्वयंपाकिणीचं नाव काढणं खालच्या घरातल्या माणसाचं लक्षण, आणि बाई नवऱ्यापेक्षा वरच्या घरातल्या. प्रीस्टली दोन मिनिटांत पोर्टच्या बाटलीवरून आणि स्वयंपाकिणीच्या कौतुकावरून अख्ख्या वर्गाची उतरंड उभी करतात. आपल्याकडचे किती नाटककार पहिल्या दोन मिनिटांत एवढं काम करतात, सांगा बरं!

पुढे या बैठकीत बर्लिंग म्हणतात, युद्ध होणं शक्य नाही, टायटॅनिक बुडणं शक्य नाही. इथे प्रेक्षक हमखास हसतो. तुम्हीही हसलात. हसा, नाटककाराने त्यासाठीच ते लिहिलंय. पण मला वाटतं, या हशानंतर आपण फार लवकर निर्धास्त होतो. बर्लिंग मूर्ख, आपण शहाणे, असा हिशेब मनात होतो आणि उरलेलं नाटक आपण त्याच्याकडे बोट दाखवत पाहतो. ते होऊ नये म्हणून नाटकात एडना आहे.

बर्लिंग पोरांना उपदेश करतात, की माणसाने आपलं आणि आपल्या घराचं बघावं, पोळ्यातल्या माशांसारखे आपण सगळे एकमेकांना बांधलेले आहोत असं हल्ली काही वेडगळ लोक बोलतात त्यांचं ऐकू नये. तेवढ्यात दाराची घंटा वाजते. एरिक म्हणतो, कोणीतरी आलंय. बाप म्हणतो, एडना बघेल, आणि जावयाला आणखी एक ग्लास घ्यायचा आग्रह करतो. मी हे वाक्य विसरूच शकत नाही. ज्याचं त्याने बघावं म्हणणाऱ्या माणसाच्या घरात दार एडनाने बघायचं! तिसऱ्या अंकात रात्र चढलेली आहे, सगळं घर उसवलंय, पुन्हा घंटा वाजते, सगळे एकमेकांकडे बघतात. बाई म्हणतात, एडना जाईल, चहासाठी मी तिला थांबायला सांगितलंय. म्हणजे इतका वेळ, त्या घरात एका मेलेल्या कामकरी मुलीबद्दल प्रश्न, हुंदके आणि आरडाओरडा चालला होता तेव्हा, एक जिवंत कामकरी मुलगी आत जागी बसून आहे. तिला झोपायला जा म्हणावं हे कुणालाच सुचलेलं नाही. शीलालासुद्धा नाही, जी या सगळ्यांत सर्वांत जास्त बदलते.

आणि आता माझं लाडकं वाक्य. एडना येऊन सांगते, इन्स्पेक्टर आलेत. बर्लिंग म्हणतात, आण आत, आणि जरा उजेड वाढव. एडना उजेड वाढवते आणि जाते. प्रीस्टलींनी सुरुवातीच्या सूचनेत लिहून ठेवलंय की इन्स्पेक्टर येईपर्यंत प्रकाश गुलाबी, घरगुती असावा आणि नंतर लख्ख, कठोर व्हावा. हा बदल सगळे समीक्षक सांगतात आणि त्याचं श्रेय इन्स्पेक्टरला देतात. पण संहितेत तो उजेड प्रत्यक्ष कोणाच्या हाताने वाढतो? एडनाच्या. इन्स्पेक्टर अजून खोलीत यायचाय.

हे मी इतक्या पोटतिडकीने का सांगतोय, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका हौशी संस्थेने या नाटकाचा मराठी प्रयोग केला. संस्थेचं नाव सांगत नाही, मंडळी मनापासून काम करणारी होती. नेपथ्य उत्तम, बर्लिंगचं काम करणारा नट फार ताकदीचा. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. पडदा उघडला तर टेबल आधीच आवरलेलं. घंटा वाजली, एरिकच उठला, दार उघडलं आणि इन्स्पेक्टरला घेऊन आला. एडना नव्हतीच! काढून टाकली होती. प्रयोगानंतर मी विंगेत गेलो, दिग्दर्शकाला विचारलं. तो म्हणाला, "सर, तिला बोलायला काही नाहीच. एक मुलगी केवढ्या तालमींना अडकवून ठेवायची? शिवाय गाडीत जागा नसते." मी म्हणालो, मग उजेड कोण वाढवतं? तो म्हणाला, "लाइटवाला वाढवतो ना!" तुम्ही हसताय, पण मला त्या रात्री खरंच झोप आली नाही. एका मुलीची आठवण न राहिल्यामुळे काय होतं यावरचं हे नाटक, आणि आपण त्यातली जिवंत मुलगीच जागा अडवते म्हणून काढली. त्यानंतर मी त्या दिग्दर्शकाला लांबलचक पत्र लिहिलं. त्याने सभ्यपणे उत्तर दिलं, एडनाला काही परत घेतलं नाही. नंतर मी इतर प्रयोगांची चौकशी करायला लागलो तर कळलं, वेळ वाचवायचा झाला की तिच्यावर कात्री चालवायची हा बऱ्याच जणांचा रिवाज आहे. इथे बसलेल्या रंगकर्मींना माझी हात जोडून विनंती आहे: पात्रं कमी करायची असतील तर दुसरं नाटक निवडा.

एडना कोण, हे इतिहासातही बघण्यासारखं आहे. १९११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये घरकामाच्या नोकरीत बारा लाखांहून जास्त बायका होत्या. बायकांचा सगळ्यांत मोठा पेशा हाच, गिरण्यांपेक्षाही मोठा. त्याच वर्षी अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा आणला. आजारपणात कामगाराला पैसे मिळावेत म्हणून आठवड्याला थोडी वर्गणी: बाई नोकर असेल तर तिचे तीन पेन्स, मालकाचे तीन पेन्स, सरकारची भर वेगळी. कार्डावर दर आठवड्याला तिकीट चिकटवायचं. यावर नोव्हेंबर १९११ मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये मालकिणींची प्रचंड निषेधसभा भरली, काही मोलकरणींनाही सोबत आणलं होतं. आम्ही नोकरांसाठी तिकिटं चाटत बसायची का, हा मुद्दा! कायद्याची वर्गणी सुरू झाली जुलै १९१२ मध्ये, म्हणजे नाटकातल्या मेजवानीनंतर काही महिन्यांनी. मिसेस बर्लिंग त्या सभेला गेल्या होत्या असं नाटक म्हणत नाही. पण त्या सभेतली बाई रंगवायची झाली तर प्रीस्टलींना फारसं काही बदलावं लागलं नसतं. आपल्याकडे, महाराष्ट्रात, घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडलं, आणि तेव्हाही अनेक चांगल्या घरांतून 'आता यांचेही नखरे' असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणतात. मुख्य मुद्दा राहिलाच, तो झपाझप सांगतो.

याला नीतिनाट्य का म्हणायचं? पंधराव्या शतकाच्या अखेरीचं इंग्रजी नीतिनाट्य 'एव्हरीमन' आठवा. मृत्यू येतो, म्हणतो, हिशेबाची वही घेऊन चल. मैत्री, नातीगोती, धनदौलत सगळे पाठ फिरवतात, सोबत येतात ती फक्त सत्कृत्यं. प्रीस्टलींनी हा सांगाडा घेतला: दारात आलेला पाहुणा, हिशेब, एकेक आधार गळून पडणं. पण एक फार मोठा बदल केला. जुन्या नाटकात एका माणसाची एक वही. इथे पाच जणांची मिळून एकच वही, आणि त्यात प्रत्येकाची एक एक नोंद. एकेक नोंद सुटी पाहिली तर क्षुल्लक वाटते. बर्लिंगच्या कारखान्यात मुलींना आठवड्याला साडेबावीस शिलिंग मिळत, त्यांनी पंचवीस मागितले. अडीच शिलिंगांचा प्रश्न होता. मालक म्हणेल, यात मी कुणाला मारलं? आणि सुटी नोंद पाहिली तर त्याचं खरंच आहे. म्हणूनच इन्स्पेक्टर जाताना सांगतो की एक एव्हा स्मिथ गेली, पण अशा लाखो एव्हा आणि जॉन स्मिथ मागे उरले आहेत, आणि आपण एकाच देहाचे अवयव आहोत.

दुसरं. या घरातलं सगळ्यांत भयंकर कृत्य माझ्या मते मिसेस बर्लिंगचं. त्या धर्मादाय समितीच्या प्रमुख. गरोदर एव्हा समितीपुढे येते, पहिलं सुचलं ते, 'मिसेस बर्लिंग' हेच नाव सांगते. बाईंना ती आगाऊ वाटते, त्या आपलं वजन वापरून अर्ज फेटाळायला लावतात. पोराच्या बापाकडे जा म्हणतात. बाप पैसे द्यायला तयार आहे पण ते चोरीचे आहेत म्हणून ती घेत नाही, असं ती सांगते. त्यावर बाईंचं मत असं, की असल्या मुली कधी पैसे नाकारतात का! आणि तो बाप यांचाच मुलगा निघतो. इंग्लंडात १८६९ पासून धर्मादाय संस्थांच्या संघटनेने लायक गरीब आणि नालायक गरीब अशी चाळणी लावली होती. चाळणी हातात कोणाच्या? जिच्या घरी एडना जागी बसवून ठेवलेली आहे तिच्या.

आता जबाबदारी म्हणजे काय, यावर लोक म्हणतात, शीलासारखा पश्चात्ताप. मी शीलाला मान देतो. पण प्रीस्टली १९४४-४५ च्या हिवाळ्यात लिहीत होते. सगळ्यांना सामाजिक सुरक्षा द्या म्हणणारा १९४२ चा बेव्हरिज अहवाल येऊन गेलेला, स्वतः प्रीस्टली त्याच वर्षी कॉमनवेल्थ या डाव्या पक्षाच्या स्थापनेत होते, १९४० मध्ये रेडिओवरून त्यांनी देशाला युद्धानंतर जुन्या दिवसांकडे परत जायचं नाही असं बजावलेलं. लंडनमध्ये थिएटर मोकळं मिळेना म्हणून नाटक आधी १९४५ मध्ये सोव्हिएत रशियात झालं. लंडनला आलं १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये, राल्फ रिचर्डसन इन्स्पेक्टर, ॲलेक गिनेस एरिक. तोवर पंतप्रधान ॲटलींचं मजूर पक्षाचं सरकार येऊन वर्ष झालं होतं. आणि ५ जुलै १९४८ ला काय झालं? राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, आणि त्याच दिवशी राष्ट्रीय साहाय्याच्या कायद्याने जुना गरिबांचा कायदा मोडीत निघाला. मिसेस बर्लिंगना मायाळू करण्याचा तो कार्यक्रम नव्हता. एव्हाचा अर्ज मिसेस बर्लिंगच्या टेबलावर जाऊच नये, अशी ती व्यवस्था होती. बाई मायाळू असोत नसोत, मुलीला हक्काचं मिळावं. हे मला नाटकातलं खरं राजकारण वाटतं, आणि पश्चात्तापावर थांबणाऱ्या प्रयोगांत तेच निसटतं.

१९९२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी स्टीफन डाल्ड्री यांनी हे नाटक केलं तेव्हा बर्लिंगांचं घर खांबांवर उंच ठेवलं आणि खाली पावसात मुकी माणसं उभी केली. त्यावर मला खूप बोलायचं होतं, वेळ नाही. प्रश्न असतील तर घेतो. समोरच्या ताईंचा हात केव्हाचा वर आहे, आधी त्यांचा.