खोका एवढा मोठा कशासाठी होता?

मंडळी, मी बावीस वर्षं कॉम्प्युटरचे जुने, खोक्यासारखे मॉनिटर दुरुस्त केले. दुकानात येणारं प्रत्येक लहान मूल एकच प्रश्न विचारायचं, "काका, याच्या पाठीत काय आहे?" मी म्हणायचो, "काही नाही." पोरांना वाटायचं, काका थट्टा करतात. पण ते अगदी खरं होतं. मॉनिटरच्या आतल्या काचेच्या नळीच्या, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या, पोटात जवळपास सगळी पोकळीच असते, साधी हवासुद्धा नसते.

मग पोकळीसाठी एवढा खोका का? 1897 मध्ये स्ट्रासबुर्गला कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी ही नळी बनवली, तेव्हापासून तिचं तत्त्व एकच आहे. मानेतल्या गनमधून इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो, योक, म्हणजे मानेभोवतीची तांब्याची गुंडाळी, त्याला डावी-उजवीकडे, वर-खाली वळवतो आणि झोत काचेवरच्या लेपावर जिथे आदळतो तिथे उजेड पडतो. आता 17 इंची पडदा घ्या. मधोमधपासून कोपरा साडेआठ इंचांवर. झोत एका बाजूला साधारण 45 अंश वळवायचा, म्हणजे कोपऱ्यापर्यंत पोचायला तेवढीच साडेआठ इंच मागची जागा हवी. शिवाय त्यामागे गन आणि मान. झाला दीड फुटाच्या आसपासचा खोका. म्हणजे ते फुगलेलं पोट नव्हतंच, ते झोताला वळायला लागणारं अंगण होतं.

आणि आत पोकळी असली की बाहेरची हवा दाबणार. 17 इंची काचेवर तो दाब जवळजवळ 900 किलोंचा भरतो. म्हणून काच जाड, म्हणून वजन. दुसऱ्या मजल्यावर मॉनिटर चढवलेले लोक या सभेत नक्की असतील, त्यांना हा आकडा आता कळला.

रंगीत ट्यूबच्या अॅनोडवर, म्हणजे झोताला पुढे खेचणाऱ्या टोकावर, 25 हजार व्होल्टच्या आसपास दाब असायचा, आणि वीज बंद केल्यावरही ट्यूब तो धरून ठेवायची. आमच्या उस्तादांचा पहिला धडा होता, ईएचटीची, म्हणजे हा दाब पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची, ट्यूबवरची टोपी काढताना एक हात खिशात ठेवायचा. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो. मी हा धडा एकदाच विसरलो. कोपर अजून सांगतं.

पण ट्यूबची खरी गंमत वेगळीच. तिच्यावर अख्खं चित्र कधीच नसायचं. एका क्षणी झोत एकाच ठिकाणी असतो. 1024 बाय 768 चं, म्हणजे 768 ओळी आणि प्रत्येक ओळीत 1024 ठिपके असलेलं चित्र सेकंदाला 85 वेळा काढायचं तर त्याला सेकंदाला 65 हजारांवर ओळी ओढाव्या लागतात. बाकीचं काम आपल्या डोळ्यांचा आळस करतो. टीव्ही गेमला जोडायची बंदूक आठवते? बदकं मारायची? घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि बंदुकीच्या नळीतला डोळा उजेड दिसतो का ते बघायचा. सगळा हिशेब वेळेचा. आज तीच बंदूक माळ्यावरून काढून सपाट टीव्हीपुढे धरा, एक बदक मरणार नाही. नातवाला वाटेल, आजोबांचा नेम गेला.

तर सपाट पडदा म्हणजे बारीक झालेली ट्यूब नव्हे. त्यात झोतच नाही. ट्यूब उजेड काढते, एलसीडी, म्हणजे द्रव स्फटिकांचा सपाट पडदा, उजेड अडवते. मागे दिवा सतत पेटलेला, पुढे लाखो झडपा. गाजराच्या कोलेस्टेरॉलवर काम करताना 1888 मध्ये फ्रीडरिश रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला प्राग इथे दिसलं की त्याचा पदार्थ दोनदा वितळतो: 145.5 अंश सेल्सियसला गढूळ, 178.5 अंशांना स्वच्छ. मधली गढूळ अवस्था म्हणजे द्रव स्फटिक. त्याची झडप व्हायला 1970 उजाडलं. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या शाट आणि हेल्फ्रिश या शास्त्रज्ञांनी दोन काचांमध्ये रेणूंना 90 अंशांचा पीळ दिला. पीळ असेपर्यंत उजेड पार, दोन-चार व्होल्ट दिले की पीळ सुटतो आणि अंधार. कुठे 25 हजार, कुठे चार!

घड्याळाचे आकडे दाखवायला एवढं पुरलं. मॉनिटरला नाही. 1024 बाय 768 चे तीन रंग म्हणजे 23 लाख 59 हजार झडपा, आणि प्रत्येकीला स्वतःचा ट्रान्झिस्टर हवा, तोही काचेवर. अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउस कंपनीत पीटर ब्रॉडी 1970 च्या दशकात याच्यामागे लागले होते. 1979 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या स्पिअर आणि लकोम्बर यांनी अमॉर्फस, म्हणजे स्फटिकासारखी नीट रचना नसलेल्या, सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर दाखवला आणि वाट मोकळी झाली. एवढ्यांतले चार-पाच बिघडले की पडद्यावर ठिपके. सपाट मॉनिटर सुरुवातीला महाग का होते, याचं मोठं उत्तर या ठिपक्यांत आहे. बनवलेल्या काचा फेकून द्याव्या लागत. तोवर लॅपटॉपने हा धंदा जगवला, कारण मांडीवर ट्यूब घेऊन कोण बसणार?

सुरुवातीचे एलसीडी जरा तिरके बसून बघितले की चेहरे काळे पडत, रंग उलटत. याच्या उपायात आपल्या देशाचा धागा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. 1977 मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थाळीसारख्या चपट्या रेणूंचे द्रव स्फटिक शोधले. तोवर सगळे काडीसारख्या रेणूंच्या मागे होते. 1990 च्या दशकात फुजीफिल्मने अशाच थाळीदार रेणूंची फिल्म बनवली. ती पॅनेलवर चिकटवली की तिरकं बघणं सुधारत असे. काड्यांची चूक थाळ्यांनी दुरुस्त केली, म्हणा ना.

आणि आपल्या महाराष्ट्राचा धागा उलट्या दिशेचा. औरंगाबादेत वाढलेल्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातल्या व्हिडिओकॉनने 2005 मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. इटली, पोलंड, चीन, मेक्सिको इथले कारखाने आले. कंपनीच्या पुढच्या अडचणींची कारणं अनेक आहेत, सगळा दोष ट्यूबवर टाकणार नाही. पण युरोप-अमेरिका सपाट पडद्याकडे वळत असताना ट्यूबचे कारखाने घेणं माझ्यासारख्या मेकॅनिकलाही धाडसाचं वाटलं होतं. अर्थात त्याच वर्षी मीही दोन पेट्या ईएचटी स्वस्तात भरून ठेवले होते. त्यातली एक पेटी अजून आहे. हवी असेल त्याने कार्यक्रमानंतर भेटावं.

शेवटी एक कामाचं. तुमच्या सोसायटीच्या जिन्याखाली अजून एखादा जुना मॉनिटर असेल. भंगारवाला योकमधल्या तांब्यासाठी मान फोडून घेतो आणि काच टाकून देतो. त्या मागच्या नरसाळ्याच्या काचेत पाचव्या हिश्श्याच्या आसपास शिशाचं ऑक्साइड आहे. आत तयार होणारे क्ष-किरण अडवायला ते घातलेलं असे. पूर्वी जुन्या ट्यूबची काच वितळवून नवी ट्यूब व्हायची, त्यामुळे तिला गिऱ्हाईक होतं. नवी ट्यूब बंद झाली आणि ते गिऱ्हाईकही गेलं. तेव्हा तो मॉनिटर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या, आणि उचलताना काच छातीशी धरा. जड बाजू तीच आहे.