मोदानचा उतार

फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवर आल्प्सच्या ऐन पोटात मोदान हे रेल्वे स्टेशन आहे. 12 डिसेंबर 1917 च्या रात्री तिथे जवळपास हजार फ्रेंच सैनिक गाडी सुटण्याची वाट बघत होते. पहिले महायुद्ध चालू होते; इटलीचा कापोरेत्तोच्या लढाईत पराभव झाल्यावर तिच्या मदतीला गेलेली ही मंडळी. आता रजा मिळाली होती, नाताळ तोंडावर आला होता, घरची ओढ लागली होती. बहुतेक अधिकारी दुसऱ्या जलद गाडीने आधीच पुढे गेले होते.

दोन गाड्या जोडून 19 डब्यांची एक गाडी केली होती आणि ओढायला इंजिन एकच. दुसरे इंजिन दारूगोळ्याच्या गाडीला दिलेले. पण मंडळी, खरी गोम ब्रेकमध्ये होती. इंजिन ड्रायव्हरच्या हातातले हवेचे ब्रेक फक्त पुढच्या तीन डब्यांना लागत होते. बाकीच्यांपैकी काहींवर ब्रेकवाले उभे. इंजिनाची शिटी ऐकायची आणि हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचा. उरलेल्या डब्यांना काहीच नाही. आणि पुढे सँ-मिशेल या गावापर्यंत उतार असा, की काही ठिकाणी हजार मीटरला तीस मीटर खाली. आपला बोरघाट 37 मीटरला एक मीटर. हा त्याहून कडक.

ड्रायव्हर जिरार हे सगळे जाणत होता. एवढे वजन या ब्रेकांवर उतरवता येणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले, गाडी न्यायला नकार दिला. वाहतुकीचा लष्करी अधिकारी कॅप्टन फायोल याने त्याला शिक्षेची धमकी दिली. युद्धकाळात रेल्वे लष्कराच्या हुकमतीत होती, म्हणजे 'नाही' म्हणणारा ड्रायव्हर हा हुकूम मोडणारा शिपाई ठरला असता. मला या अपघातातले सर्वांत संतापजनक वाटते ते हेच. चूक आधी कळली होती, कळलेल्या माणसाने ती तोंडावर सांगितली होती, आणि ऐकणाऱ्याला अधिकार होता पण उताराची अक्कल नव्हती.

रात्री सव्वाअकराच्या सुमारास गाडी सुटली. सुरुवातीला वेग बेताचा होता. मग वाढतच गेला. जिरारने ब्रेक लावले, शिट्यांवर शिट्या दिल्या. आवळलेले ब्रेक तापून लाल झाले, लाकडी डब्यांच्या तळाला आग धरू लागली. जिथे ताशी 40 किलोमीटरची मर्यादा, तिथे गाडी शंभराच्या पुढे गेली. सँ-मिशेल-द-मोरिएनच्या थोडे अलीकडे, एका वळणावर पहिला डबा रुळांवरून उतरला, जोड तुटला, इंजिन एकटेच पुढे निघून गेले. मागचे डबे एकमेकांवर चढले, पेटले. काही जणांच्या सामानात हातबॉम्ब होते, तेही फुटू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेतली तेव्हा 183 जणांनी 'हजर' म्हटले.

सव्वाचारशे मृतांची ओळख पटली. शंभराहून अधिक जणांची पटलीच नाही. त्यांचे नाव सांगेल असे काही आगीने शिल्लक ठेवले नव्हते. रेल्वेच्या इतिहासात फ्रान्समध्ये याहून मोठा अपघात झालेला नाही. तरी सेन्सॉरशिपमुळे पॅरिसच्या वर्तमानपत्रांत काही दिवसांनी जेमतेम काही ओळी आल्या. इटलीच्या आघाडीवरून रजेवर येणारी पोरे अशी मेली, हे घरच्यांना कळू देणे सरकारला परवडणारे नव्हते.

पुढे लष्करी न्यायालयात खटला उभा राहिला तो रेल्वेच्या सहा कर्मचाऱ्यांवर. सगळे निर्दोष सुटले. 1923 मध्ये सँ-मिशेलच्या कबरस्तानात स्मारक उभारले गेले, आणि 1961 मध्ये तिथले अवशेष ल्योंच्या ला दुआ लष्करी कबरस्तानात हलवले.