पंख न हलवता

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात सकाळचे अकरा वाजून गेले की आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावरच्या आकाशात बघा. घार घिरट्या घालत वर वर जाते, पण पंख हलत नाहीत. मग ती चढते कशी? खरं सांगायचं तर ती सतत खालीच येत असते. पंख पसरून तरंगणारा पक्षी असो की बिनइंजिनाचं विमान, भोवतालच्या हवेतून ते उतरतच असतं. त्या उतरण्यातून वेग मिळतो आणि वेगामुळे पंखांना उचल. घार सेकंदाला साधारण एक मीटर खाली येते. पण ती ज्या हवेत आहे ती हवाच दोन-तीन मीटरनं वर निघाली असेल, तर घारीची उंची वाढणारच!

अशी हवा सोलापूरच्या उन्हाळ्यात मुबलक. नांगरलेलं काळं रान, डांबरी रस्ते, पत्र्याची छपरं तापतात. लगतची हवा हलकी होऊन वर सुटते. माळावर पाचोळा आणि फुफाटा फिरवत वावटळ उठते ना? असाच वर जाणारा झोत तिथं डोळ्यांना दिसतो. सकाळच्या गारव्यात तो नसतो, म्हणून घारीही तेव्हा तारेवर, झाडावर बसून असतात.

दुर्बीण असेल तर घारीची शेपूट जरूर बघा. मधे खाच असलेली ती शेपूट सुकाणूसारखी सारखी डावी-उजवीकडे कलत असते. पंखांच्या टोकाची पिसं सुटी सुटी फाकलेली असतात. टोकाशी हवेचे भोवरे होऊन वाया जाणारी शक्ती त्यामुळे वाचते.

दक्षिण अमेरिकेतल्या काँडोर या गिधाडांच्या अंगावर नोंदयंत्रं बसवून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला एक पक्षी पाच तासांहून जास्त वेळ, सुमारे १७२ किलोमीटर, पंख एकदाही न मारता गेला. मला तर हे थक्क करणारं वाटतं.

माणसानं हे पक्ष्यांकडूनच उचललं. जर्मनीच्या ओटो लिलिएंथालनं करकोचे निरखून पंख बांधले, टेकडीवरून शेकडो वेळा झेप घेतली आणि १८९६ मध्ये अशाच एका झेपेत पडून जीव गमावला. पुढे १९८३ मध्ये कॅनडात इंधन संपलेलं बोइंग ७६७ वैमानिकांनी तरंगत तरंगत खाली आणलं आणि सगळे प्रवासी वाचले.

पुण्याजवळ हडपसरला ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, दोरानं ओढून वर सोडतात. दोर सुटला की वर नेणारी हवा वैमानिकालाच हुडकावी लागते. त्यासाठी ग्लायडरवाले घिरट्या घालणाऱ्या घारींवर नजर ठेवतात आणि तिकडेच वळतात.