माळ वाचायचा तर खाली वाका

उद्या सकाळी आपण माळावर जाणार आहोत. त्याआधी तुम्हाला एका विहिरीची गोष्ट सांगायची आहे. ती विहीर ब्राझीलमधली.

१८६३ साली एकवीस वर्षांचा एक डॅनिश तरुण तिथल्या लागोआ सांता या खेड्यात आला. युजेनियस वॉर्मिंग त्याचं नाव. जीवाश्मांचे अभ्यासक पेटर लुंड यांचा लेखनिक म्हणून आला आणि तीनेक वर्षं राहिला. गावाभोवती ‘सेराडो’ पसरलेला. सेराडो म्हणजे तिथली सव्हाना: गवत, आणि मधूनमधून बुचासारख्या जाड सालीची वेडीवाकडी झाडं. वॉर्मिंग फिरत राहिला. काय कधी फुलतं, वणव्यानंतर कोंब कुठून येतो, हे लिहीत गेला. आंडिरा या वनस्पतीचं त्याने केलेलं वर्णन मला फार आवडतं. दिसायला ती सुटी सुटी झुडपं, पण खणून पाहिलं तर सगळी जमिनीखालच्या एकाच खोडाला जोडलेली! म्हणजे झाड मातीत आणि वर नुसते शेंडे.

मग ही झाडं अशी खुजी आणि चिवट पानांची का? पाणी पुरत नाही म्हणून, असं पुढे बरीच वर्षं मानलं गेलं. कोणालाही पटेल असंच ते उत्तर आहे.

१९४० च्या दशकात साओ पाउलो विद्यापीठातले फेलिक्स राविचर आणि त्यांचा विद्यार्थी मारिओ फेरी यांनी ते तपासायला घेतलं. पद्धत साधी. पान तोडायचं, तिथेच काट्यावर तोलायचं, थोड्या वेळाने पुन्हा तोलायचं. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी उडालं. पाण्याला महाग झालेलं झाड पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मिटून घेतं. इथे मात्र ऐन कोरड्या ऋतूत बरीच झाडं खुशाल पाणी सोडत होती. ते येत कुठून होतं? सेराडोतल्याच एमास या ठिकाणच्या विहिरीत उत्तर मिळालं. वरचा थर वाळलेला, पण त्याखाली वर्षभर ओल, आणि सुमारे १८ मीटरवर पाणी. आंडिराची मुळंही तितकी खोल गेलेली.

तहानेचं कारण बहुतेक झाडांपुरतं तिथेच संपलं. मग निकस, आम्ल माती आणि वणवा यांच्याकडे लक्ष गेलं. आगीत वरचं सगळं जळतं, पण जमिनीखाली साठा शाबूत असतो आणि कोंब तिथूनच फुटतो.

आता आपला माळ. सुरुवातीची दोन वर्षं मी मे महिन्यात मीटरभराची चौकट टाकून आतली झाडं मोजत होतो. वहीत कुसळीची वाळकी ठोंबं आणि ‘बाकी काही नाही’ एवढंच. जुलैत त्याच चौकटीत कंदीलपुष्पाचा वेल वर आला. कंद मे महिन्यातही तिथेच होता, माझ्या बुटाखाली. ती नोंद चुकीची होती आणि चूक माझी होती. अशाच नोंदींवरून माळ ‘पडीक’ ठरतो, मग यंत्र येतं, ओळीने खड्डे घेतं, रोपं लावतं. त्या खड्ड्यांतून काय उपसून फेकलं गेलं ते कोणीच मोजत नाही. मला याचा मनापासून त्रास होतो.

म्हणून उद्या चौकट आणि दोरीबरोबर खुरपंही घ्या. एका गटाने एकच खड्डा घ्यायचा, वीतभर रुंद. मुळं कुठवर जातात ते मोजा, कंद दिसला तर उचलू नका. बुजवताना खालची माती खाली, वरची वर. गवताचं ठोंब होतं तसं परत बसवा आणि जागेवर खूण ठेवा. जुलैत आपण पुन्हा तिथेच जाणार आहोत.