जत्रेचा गल्ला आणि मुक्कामी गाडी

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘यात्रा-जत्रा, लोकरंजन आणि स्थानिक अर्थकारण’ असा छापलाय. हा विषय मी दिलेला नाही. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो, की जत्रेत पैसा कुठून येतो आणि कुठं जातो, त्यावर बोलतो. छापखान्यात जाईपर्यंत त्याला फेटा बांधला गेला.

आत येताना तुम्ही पाहिलं असेल, दारात भेळेची गाडी उभी आहे. मी त्या गड्याला विचारलं, रोज असतोस का इथं? म्हणाला, नाही, व्याख्यानमाला असली की. म्हटलं, धंदा कसा होतो? तर म्हणे, ते वक्त्यावर असतं. वक्ता चांगला असला की लोक शेवटपर्यंत बसतात आणि उशीर झाला म्हणून तडक घरी पळतात. वक्ता रटाळ असला की मधूनच उठून बाहेर येतात आणि भेळ खातात. तेव्हा आज माझ्याकडून आत आणि बाहेर अशा दोन वेगवेगळ्या अपेक्षा आहेत. (हशा)

पण मला जे सांगायचंय ते या भेळवाल्याला माझ्याआधी कळलेलं आहे. गर्दी किती, यावर धंदा ठरत नाही. गर्दी किती वेळ रेंगाळते, यावर ठरतो. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी ग्रामीण शाखांत. कुठल्याही यात्रा कमिटीला विचारा, यंदा जत्रा कशी झाली? उत्तर ठरलेलं, ‘साहेब, पन्नास हजार पब्लिक होतं.’ मोजलं कुणी? तर कुणीच नाही. आणि त्यातलं मुक्कामाला किती होतं, हे तर कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आमचं गाव खेड तालुक्यात, भीमेच्या काठाला. नाव घेत नाही, कारण आमच्या कमिटीचे दोन सभासद पहिल्या रांगेत बसलेत आणि मला रात्री त्यांच्याच जीपमधून परत जायचंय. वडिलांचं गावात किराणा दुकान होतं. सगळा गाव त्यांना तात्या म्हणायचा, म्हणून आम्हीही. तात्या यात्रा कमिटीचे खजिनदार. म्हणजे जमा करायची सगळ्यांनी आणि शिव्या खायच्या तात्यांनी.

आमची जत्रा चैत्री पुनवेची. आपल्याकडच्या निम्म्या जत्रा चैत्र-वैशाखात का येतात, हे देवाला विचारायची गरज नाही. रब्बीची ज्वारी आणि हरभरा घरात आलेला असतो, हातात चार पैसे असतात, रानं मोकळी झालेली असतात आणि पाऊस लांब असतो. त्यात पुनव म्हणजे रातभर फुकटचा उजेड. वीज नसलेल्या गावात याची किंमत काय होती, हे आज सांगून पटायचं नाही.

१९७७ साल. मी सोळा वर्षांचा. आणीबाणी नुकतीच उठली होती, दिल्लीत सरकार पालटलं होतं, आणि आमच्या पारावर चर्चा एकच, की यंदा तमाशाचा फड कुणाचा आणायचा. सुपारी द्यायला, म्हणजे खेळ ठरवायला, नारायणगावला जायचं ठरलं. पाटील, तात्या, आमचे रामूअण्णा आणि पिशवी धरायला मी.

नारायणगाव काय आहे, हे तुमच्यापैकी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुणे-नाशिक रस्त्यावरचं, जुन्नर तालुक्यातलं गाव. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचं गाव. त्याला तमाशापंढरी म्हणतात ते उगाच नाही. गुढीपाडव्याच्या आगेमागे फडमालक तिथं ओळीनं राहुट्या टाकतात. प्रत्येक राहुटीबाहेर फडाच्या नावाचा बोर्ड, आत गादी-लोड, वही, आणि गावोगावच्या कारभाऱ्यांची ये-जा. एका राहुटीत भाव विचारायचा, शेजारच्या राहुटीत तो पाडून मागायचा, चहा तिसऱ्याच राहुटीत प्यायचा. पुढं बँकेच्या प्रशिक्षणात मला शेअरबाजार समजावून सांगितला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर राहुट्याच आल्या.

फडाच्या मॅनेजरनं विचारलं, ‘तारीख कुठली, पाव्हणं?’ पाटील म्हणाले, पुनव. त्यानं वही मिटली. म्हणाला, पुनवेला अख्ख्या जिल्ह्याची जत्रा, फड मात्र तेवढेच. दोन दिवस पुढं सरका, निम्म्यात येतो. तात्यांचे डोळे चमकले. ते पाटलांच्या कानाशी लागले, म्हणाले, वद्य द्वितीयेला घेऊ की, देव काय पळून चाललाय? पाटलांनी नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. मागणी-पुरवठ्याचा सिद्धान्त तिथं संपला. पुनवेच्या भावानं सुपारी ठरली, विसार दिला, करारपत्रावर सह्या झाल्या. येताना एसटीत तात्या कुणाशी एक शब्द बोलले नाहीत.

जत्रेचा दिवस उजाडला. सकाळी अभिषेक, संध्याकाळी पालखी, आणि नऊला तमाशा. पंचक्रोशीतून बैलगाड्या आल्या. संध्याकाळची शेवटची एसटी आली. ही आमची मुक्कामी गाडी, रात्री गावातच थांबायची आणि पहाटे परत निघायची. नऊ वाजले. स्टेज तयार, ग्यासबत्त्या पेटलेल्या, फडाचा पत्ता नाही. दहा वाजले. अकराला एक सायकलवाला निरोप घेऊन आला, की फडाचा ट्रक घाटात उभा आहे, स्प्रिंगचा पाटा तुटलाय. आदल्या रात्री त्यांचा खेळ पारनेरच्या बाजूला झाला होता, तिथून येताना हा घोळ.

पाटील घाबरले. एवढं पब्लिक, फड आला नाही तर स्टेज जाळतील. पण लोक जाणार कुठं? एसटी आता पहाटेची. बैल सोडलेले. पोरंबाळं पोत्यावर आडवी झालेली. त्यामुळं लोकांनी जे शक्य होतं ते केलं. चहा प्याले. मग परत चहा प्याले. बाराच्या सुमारास हॉटेलवाल्याची साखर संपली, तो तात्यांकडं धावत आला. तात्यांनी बंद केलेलं दुकान उघडलं, आणि उघड्या दुकानापुढं माणूस उभं राहिलं की त्याला काहीतरी आठवतंच. विड्या, काड्यापेट्या, बॅटरीचे सेल, शेंगदाणे, गूळ, बिस्किटं. एक जण दीड वाजता खराटा घेऊन गेला. रात्री दीडला खराटा! (हशा) न्हाव्यानं कंदिलाच्या उजेडात दाढ्या केल्या. शिंपीदादानं उसवलेले सदरे शिवले. कासारणीनं सासरहून आलेल्या लेकींना पहाटेपर्यंत बांगड्या भरल्या.

अडीचला ट्रक आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. गण झाला, गवळण झाली, बतावणी आवरती घेतली आणि वग, म्हणजे तमाशातलं नाटक, सुरू झाला तो उन्हं वर आल्यावर संपला. फडात पन्नासएक माणसं. त्यांचं जेवण आमच्याच गावात शिजलं, ट्रकचं डिझेल नाक्यावर भरलं, पाटा जोडणारा लोहारही आमचाच. सकाळी हजेरी, म्हणजे फडाचा दिवसाउजेडीचा खेळ, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. त्या दिवशी दुपारपर्यंत तात्यांच्या दुकानात विकायला म्हणून फक्त निळीच्या पुड्या उरल्या होत्या.

रात्री तात्यांनी गल्ला मोजला आणि दोनदा मोजला. पुढच्या पाडव्याला नारायणगावात मॅनेजरनं तारीख विचारायच्या आत तात्यांनी त्याला विचारलं, ‘तुमच्या ट्रकचे पाटे कसे आहेत?’ तो म्हणाला, नवे टाकलेत. तात्यांचा चेहरा पडला. (हशा)

हे मी विनोद म्हणून सांगत नाही. म्हणजे विनोद आहेच, पण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. वग हा मध्यरात्रीनंतर रंगणारा प्रकार. माणूस पहाटेपर्यंत अडकून पडतो म्हणून दुकानं पहाटेपर्यंत चालतात, आणि पहाटेपर्यंत थांबला म्हणून दुपारची कुस्ती बघूनच जातो. तमाशाला ‘करमणूक’ म्हणून हिशोबाच्या खर्चाच्या बाजूला टाकणाऱ्या कमिट्यांना हे दिसत नाही. आमच्याच कमिटीनं गेल्या काही वर्षांत काय केलं, ते आता…

चिठ्ठी आलीय. ‘पंधरा मिनिटे.’ अक्षर सुंदर आहे. कमिटीचा विषय पुढं बघू, आधी जे छापलंय ते उरकतो.

जत्रेतला पैसा आधी दोन ढिगांत वेगळा करा. एक गावातलाच. घरटी वर्गणी काढायची आणि फडाला द्यायची, यात गावात एक रुपया वाढत नाही, उलट सुपारीची रक्कम गावाबाहेर जाते. दुसरा ढीग बाहेरून येणारा. आमच्याकडं तो मुंबईकरांचा. गोदीत, माथाडीत, गिरणीत गेलेली आमची माणसं जत्रेला येताना मंडळाची वर्गणी आणायची, घराला रंग काढायची, आईला लुगडं घ्यायची. पाव्हणेरावळे, माहेरी आलेल्या लेकी, हा सगळा बाहेरचा पैसा. तंबूतला तिकिटाचा तमाशा आणि जत्रेतला सुपारीचा तमाशा यांत मोठा फरक आहे. तंबूवाला गावाच्या खिशातून तिकिटाचे पैसे काढून पुढच्या गावाला जातो. सुपारीवाला पैसे घेतो, पण बदल्यात गर्दी आणून देतो आणि ती बांधून ठेवतो.

आता विकणारा कोण, ते बघा. पाळणेवाला, खेळणीवाला, गोडीशेव-रेवड्यांचे मोठे स्टॉल हे जत्रा धरत फिरणारे लोक. आज इथं, परवा पुढच्या गावी. त्यांच्याकडून ग्रामपंचायतीला जागेचं भाडं मिळतं, बाकी गल्ला त्यांच्याबरोबर जातो. गावच्या दुकानाला पहिल्या चार तासांत काही मिळत नाही, कारण त्या वेळी सगळं पब्लिक पाळण्याखाली असतं. गावच्या दुकानाची वेळ रात्री अकरानंतर सुरू होते. म्हणून मुक्काम.

तात्यांच्या वहीत आणखी एक गोष्ट होती, तिला ते ‘कोरडा महिना’ म्हणायचे. जत्रेनंतर महिनाभर दुकानात माशी. लोकांनी पुढच्या महिन्याचंच जत्रेत उडवलेलं असायचं, बरंचसं उधारीवर. जत्रेनं अमुक लाखांची उलाढाल झाली म्हणणाऱ्यांनी कोरडा महिना वजा केलेला नसतो. एवढं एक वाक्य लिहून घेतलं तरी चालेल.

बैलगाडा शर्यतींबद्दल मला बरंच बोलायचं होतं. थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४मध्ये बंदी घातली, डिसेंबर २०२१मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. बैलांच्या हालांचा मुद्दा खरा आहे, मी त्यात न्यायाधीश नाही. मी दुकानदाराचा मुलगा म्हणून बघतो. मधल्या सात वर्षांत खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या पट्ट्यात जत्रा होत होत्या, पालख्या निघत होत्या, घाट, म्हणजे बैलगाडे पळवायच्या जागा, मात्र रिकामे. गाडामालक बैल घेऊन आदल्या दिवशी येतो, त्याच्याबरोबर दहा माणसं, दिवसभर उन्हात बारीची, म्हणजे आपल्या पाळीची, वाट बघणं, रसवंती, कलिंगडं. तो मुक्काम गेला. देव तोच, तारीख तीच, आणि दुकानं नऊला बंद.

आणि २०२०चा पाडवा. २५ मार्च. नेमका त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागू झाली. म्हणजे सुपाऱ्या ठरायच्या ऐन दिवसांत नारायणगाव बंद. दसऱ्यापासून फडमालकांनी कलावंतांना उचल दिलेली, ती कर्जानं काढलेली, आणि ती फिटते जत्रांच्या दोन महिन्यांत. पुढच्या वर्षी चैत्रात दुसरी लाट. फड बसले की फक्त नाचणारे-गाणारे बसत नाहीत, ट्रकवाला, तंबूवाला, आचारी, जनरेटरवाला सगळे बसतात.

दुसरी चिठ्ठी. ‘पाच मिनिटे.’ अक्षर आता बिघडलंय. (हशा)

मग दहाचा प्रश्न. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला आता रात्री झोप लागत नाही. पण वग दहाच्या आत बसत नाही. मग कमिट्या काय करतात? ऑर्केस्ट्रा आणतात, डीजे आणतात. त्याची गाडी संध्याकाळी सातला येते, सव्वादहाला निघते. गावात चहासुद्धा पीत नाही. पब्लिकही मोटरसायकलवर आलेलं, साडेदहाला गाव रिकामं. गर्दी पूर्वीपेक्षा जास्त, गल्ला पूर्वीपेक्षा कमी, आणि कमिटीला कोडं पडतं.

माझं म्हणणं साधं आहे. नियम सहा वाजता उठतो ना? मग वग सहाला सुरू करा. हजेरीची चाल आपल्याकडं आहेच. रात्री गण-गवळण दहापर्यंत, मग विनामाईकचं भजन, भारूड, देवळात जागर, आणि पहाटे सहाला वग. ज्याला वग बघायचाय तो रात्री राहील. शाळेच्या खोल्या उघडा, पाण्याचा टँकर ठेवा, बायकांसाठी नीट आडोसा करा. मुक्काम फुकट मिळत नाही, त्याची सोय करावी लागते. १९७७ला सोय नव्हती, तरी लोक राहिले, कारण दुसरी गाडीच नव्हती. आता प्रत्येकाच्या ढुंगणाखाली गाडी आहे.

असा लेखी अर्ज मी आमच्या कमिटीला तीन वर्षांपूर्वी दिलाय. अर्जाबरोबर खर्चाचा अंदाज, शाळेच्या खोल्यांचा नकाशा, सगळं जोडलंय. पहिल्या रांगेतले दोघं आता खाली बघताहेत. पोच आहे माझ्याकडं, सही-शिक्क्याची. उत्तर नाही.

तिसरी चिठ्ठी यायच्या आत थांबतो. चहा मागच्या दालनात आहे, असं मला सांगायला सांगितलंय, आणि जीप साडेनऊला निघणार आहे, असं पहिल्या रांगेतून खुणावताहेत.