नाव झाकून बघा

नमस्कार. बाहेरच्या फलकावर आजचा विषय लिहिलाय: 'विद्यार्थ्यांचं संगीत-नियतकालिक: संगीतप्रकाराचा अभ्यास आणि मुखपृष्ठाची मांडणी'. तुमच्यातले बरेच जण मांडणीसाठी आलेत हे मला दिसतंय, कारण वह्या उघडून पट्ट्या आणि पेन्सिली बाहेर आल्या आहेत. मांडणीकडे मी येणारच आहे. पण अभ्यास या शब्दाबद्दल माझ्या मनात बरीच वर्षं एक गोष्ट साचली आहे. ती आधी बोलते.

मुखपृष्ठाचा अभ्यास म्हणून विद्यार्थी काय करतात? वीस मासिकं गोळा करतात. एकेक मुखपृष्ठ वहीत चिकटवतात आणि बाजूला बाण काढतात: हे अंकाचं नाव, हे मुख्य छायाचित्र, ह्या आतल्या लेखांच्या ओळी, हा बारकोड. शेवटी लिहितात, 'रॉकच्या मासिकांत काळा आणि लाल रंग जास्त दिसतो, म्हणून आम्हीही काळा आणि लाल घेतला.' अशा वह्या मी ढिगांनी तपासल्या आहेत. त्यांत मेहनत असते, अक्षर सुरेख असतं, बाण तर पट्टीनं आखलेले असतात. फक्त संगीत कुठेच नसतं. मुखपृष्ठं पाहिली वीस, गाणं ऐकलं शून्य, आणि ते संगीत जीव ओतून ऐकणाऱ्या एका माणसाशीही बोलणं नाही. काळा आणि लाल का, हा प्रश्न वहीत येतच नाही.

एका गटाची गोष्ट सांगते. सावकाश सांगते, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं तिच्यात आहे.

चौघांचा गट होता. मेटल या रॉकच्या जोरकस प्रकारावर अंक काढायचा ठरला. ओळखीतलाच एक बँड होता आणि त्यात ड्रम वाजवणारी मुलगी होती. मुखपृष्ठावर तीच, यावर चौघांचं एकमत झालं. मग बाणांची वही उघडली गेली. वही म्हणत होती, मुख्य व्यक्ती कमरेपासून वर दिसावी, नजर थेट वाचकाकडे असावी, पार्श्वभूमी साधी असावी. त्याप्रमाणे त्यांनी तिला एका भिंतीपुढे उभं केलं, बांधलेले केस सोडायला लावले, मान किंचित तिरकी करायला सांगितली आणि फोटो काढला. वर तडा गेलेल्या अक्षरांत अंकाचं नाव टाकलं. छापील नमुना माझ्या टेबलावर आला तेव्हा चौघेही खुशीत होते. काम खरंच सफाईदार होतं.

मी त्यांना एवढंच म्हटलं, नाव झाकून बघा.

वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या पट्ट्या कापल्या. अंकाचं नाव, सगळ्या ओळी, बारकोड, जिथे जिथे अक्षर होतं तिथे पट्टी चिकटवली. उरलं नुसतं चित्र. ते घेऊन चौघे दुपारच्या सुटीत फिरले आणि भेटेल त्याला एकच प्रश्न विचारला: हा अंक कोणत्या संगीताचा आहे? 'पॉप.' 'गायिका दिसतेय, प्रेमगीतं असतील.' 'संगीताचा आहे? मला फॅशनचा वाटला.' मेटल हा शब्द कुणाच्याच तोंडून आला नाही, आणि ही मुलगी काही वाजवत असेल असंही कुणाला वाटलं नाही. संध्याकाळी तो नमुना तिला स्वतःला दाखवला. तिनं बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "मी चांगली दिसतेय. पण मी जे करते ते यात कुठंय?"

मग ते तिच्या तालमीला गेले. दोन तास कॅमेरा बाहेर काढायचा नाही, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. तिथे त्यांना काय दिसलं बघा. तिच्या बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि अंगठ्यापाशी ती सुटून काळी पडली होती. ड्रम वाजवायची काठी टोकाशी झिजत नाही, टोकाच्या जरा खाली झिजते, कारण झांजेच्या कडेवर तोच भाग आपटतो. तिथलं लाकूड उंदरानं कुरतडल्यासारखं झालं होतं, त्याच्या बारीक कपच्या तिच्या काळ्या बुटांवर पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा फोटो काढला. पुढे ती कुरतडलेली काठी आणि चिकटपट्टीची बोटं स्पष्ट, मागे तिचा चेहरा थोडा धूसर, केस बांधलेले, नजर झांजेवर. पुन्हा पट्ट्या चिकटवल्या, पुन्हा तोच प्रश्न विचारला. 'ड्रम.' 'काहीतरी जोरकस असणार.' 'रॉक, नाही तर मेटल.' एकानं तर काठीकडे बोट दाखवून विचारलं, ही अशी का झालीय? वाचक मुखपृष्ठाला प्रश्न विचारायला लागला, याहून वेगळं आपल्याला काय हवं असतं?

पहिला फोटो त्या मुलांनी आळसानं काढला नव्हता. वीस मुखपृष्ठांवरून जो निष्कर्ष निघतो तोच त्यांनी काढला होता. म्हणजे त्या वीस मुखपृष्ठांतच एक समजूत दडलेली होती: मुखपृष्ठावरची स्त्री ही पाहण्यासाठी असते, वाजवण्यासाठी नसते. नक्कल केली की समजूतही सोबत येते, आणि ती आली हे आपल्या ध्यानातही येत नाही. मला हे फार लागतं, म्हणून इतकं लांबवलं.

आता संगीतप्रकाराकडे येते. प्रकार हा आवाजात असतो, असं आपण धरून चालतो. अमुक वेग, अमुक वाद्यं, की झाला प्रकार. निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं माणसांत असतं. इटलीतले अभ्यासक फ्रांको फाब्री यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला संगीतप्रकाराची व्याख्या केली ती अशी की समाजानं मान्य केलेल्या नियमांनी बांधलेल्या सांगीतिक घटनांचा समूह म्हणजे प्रकार. घटना, नुसता ध्वनी नव्हे. ख्यालाच्या मैफलीत आलाप रंगलेला असताना कुणी टाळ्यांनी ठेका धरला, तर शेजारचा वळून बघेल. कव्वालीत टाळी हाच ठेक्याचा भाग. ऐकणारा कसा वागणार, हेही प्रकारात ठरलेलं असतं.

आणि प्रकाराला नाव कोण देतं? ही हकीकत तुमच्या वहीत हवी. अमेरिकेतलं 'बिलबोर्ड' हे नियतकालिक 1894 चं. ते सुरू झालं जाहिरातीची पत्रकं भिंतीवर लावणाऱ्या धंद्यासाठी, संगीताकडे वळलं नंतर. कृष्णवर्णीय श्रोते काय ऐकतात याची यादी ते 1942 पासून छापू लागलं. आधी तिचं नाव होतं 'हार्लेम हिट परेड', न्यूयॉर्कच्या एका वस्तीवरून घेतलेलं. 1945 पासून यादीच्या नावात 'रेस' हा शब्द आला. रेस म्हणजे वंश. 'रेस रेकॉर्ड्स' ही 1920 च्या दशकापासून कंपन्यांच्या वापरातली संज्ञा होती. कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रं तो शब्द अभिमानानंही वापरत, हे सांगायला हवं. पण कंपनीच्या यादीत त्याचा अर्थ एवढाच होता की ही तबकडी अमुक रंगाच्या माणसांसाठी. 1949 मध्ये तिथले वार्ताहर जेरी वेक्सलर यांनी सुचवलेलं 'रिदम अँड ब्लूज' हे नाव त्या यादीला मिळालं. रातोरात काय बदललं? वादक तेच, तबकड्या त्याच. आधीचं नाव ऐकणाऱ्याच्या कातडीकडे बोट दाखवत होतं, नवं नाव संगीताकडे दाखवू लागलं. एका नियतकालिकाच्या कचेरीत बसून शब्द बदलला आणि तो जगभर गेला. तुम्ही नियतकालिक काढताय. मुखपृष्ठावर प्रकाराचं नाव छापता तेव्हा 'हे कुणासाठी' तेही छापता.

म्हणून माझा आग्रह असा की आधी ऐका, मग ऐकणाऱ्याला विचारा, आणि मासिकं त्यानंतर उघडा. यावर दरवेळी एक हुशार विद्यार्थी हात वर करतो आणि म्हणतो, रीड माइल्स यांचं काय? रास्त प्रश्न आहे. 'ब्लू नोट' या जॅझच्या कंपनीची 1950 च्या दशकाच्या मध्यापासून 1967 पर्यंतची तबकड्यांची शेकडो वेष्टनं माइल्स यांनी केली. आज जॅझ म्हटलं की डोळ्यांपुढे जे येतं, ठळक अक्षरं, एखाद-दुसरा रंग, धुरातला वादक, त्यातलं बरंचसं त्यांचं आहे. आणि त्यांना स्वतःला जॅझची ओढ नव्हती, ते पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकणारे. मग जमलं कसं? ते विचारायचे. कंपनीचे संस्थापक आल्फ्रेड लायन प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा भाव काय होता ते त्यांना सांगायचे, आणि फ्रान्सिस वुल्फ ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिथेच हजर राहून छायाचित्रं काढायचे. माइल्स ती छायाचित्रं बेधडक कापत, कधी कपाळातूनच, आणि वुल्फ नाराज होत. पण कापलेल्या त्या चित्रातही वादक काम करताना दिसतो. म्हणजे माइल्स यांचं उदाहरण माझ्याच बाजूनं उभं राहतं.

चिठ्ठी आली आहे. बारा मिनिटं उरलीत म्हणे. बरं. मांडणीचं मी कबूल केलं होतं, आता भरभर सांगते, लिहून घ्या.

मोठा अंक हवा, पैसा हवा, हे मनातून काढा. 'क्रॉडॅडी' हे रॉकवर गंभीरपणे लिहिणारं सुरुवातीचं अमेरिकी मासिक पॉल विल्यम्स या 17 वर्षांच्या महाविद्यालयीन मुलानं 1966 मध्ये चक्रमुद्रित पानांवर सुरू केलं. हिप-हॉपचं 'द सोर्स' 1988 मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांच्या वार्तापत्रातून उभं राहिलं. लंडनच्या पंक, म्हणजे बंडखोर रॉक वाजवणाऱ्या-ऐकणाऱ्या मंडळींचं 'स्निफिन ग्लू' 1976 मध्ये टंकलेखन यंत्र आणि जाड पेन एवढ्यावर निघालं. ते ओबडधोबड रूप पंकच्याच स्वभावाचं होतं. ते उचलून शांत पियानोच्या अंकाला लावू नका.

नाव. 'केरँग' या ब्रिटिश रॉक मासिकाचं नाव म्हणजे गिटारच्या जोरकस झणत्काराचा आवाज. 'क्यू' (Q) मासिकाचं नाव आधी इंग्रजी पूर्ण शब्दात, 'Cue' असं होतं, तबकडीवर सुई नेमकी ठेवण्याच्या अर्थानं. पण स्नूकरच्या काठीलाही तोच शब्द, म्हणून एक अक्षर ठेवलं. तुमचं नाव मोठ्यानं उच्चारून बघा, त्यात तुमचं संगीत वाजतं का ते ऐका. आणि देवनागरीत नाव घालणाऱ्यांसाठी खास: इंग्रजी मुखपृष्ठावर गायकाचं डोकं नावाच्या अक्षरांवर येतं, ते पाहून तसंच करू नका. आपल्या वेलांट्या आणि मात्रा शिरोरेषेच्या वर असतात. डोक्याखाली मात्रा गेली की 'मैफल'चं 'मफल' होतं. शिवाय नाव झाकायची सवलत जुन्या मासिकाला असते, त्याचा वाचक अर्ध्या अक्षरावरून ओळखतो. तुमचा पहिला अंक आहे. अक्षरांमधलं अंतरही संगणकावर ताणू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे लोंबकळतात. हवा हवी असेल तर अक्षर लहान करा आणि भोवती जागा सोडा.

ओळी. मुखपृष्ठावर चार पुरेत, एक मोठी, तीन लहान. दुकानाच्या फळीवर मासिकं एकावर एक सरकवून ठेवतात तेव्हा बहुधा डावी कडच दिसते, म्हणून महत्त्वाची ओळ तिथे. 'खास मुलाखत' लिहू नका. मुलाखतीत काय निघालं ते लिहा. त्या मेटलच्या गटाची मोठी ओळ होती, 'महिन्याला सहा काठ्या मोडते'. त्या ड्रम वाजवणाऱ्या मुलीचंच वाक्य होतं ते.

रंग. पडद्यावरचा झगझगीत निळा आणि पोपटी कागदावर मलूल होतो, कारण पडदा प्रकाशानं रंग दाखवतो आणि कागद शाईनं. सुरुवातीपासून छपाईच्या चार शायांतच, सीएमवायके ठेवून काम करा आणि एक नमुना छापून उन्हात नेऊन बघा. ए-फोर म्हणजे 210 बाय 297 मिलिमीटर. चित्र कडेपर्यंत जात असेल तर चारी बाजूंना 3 मिलिमीटर जास्त घ्या, म्हणजे 216 बाय 303, नाही तर कापताना पांढरी रेघ राहते. छायाचित्र छापील आकारात 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत. बारकोड दुसऱ्या मासिकाचा उचलून चिकटवू नका. नियतकालिकाच्या बारकोडची सुरुवात 977 नं होते, त्यापुढे त्या मासिकाच्या आयएसएसएन, म्हणजे प्रत्येक नियतकालिकाच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाचे अंक असतात. दुसऱ्याचा बारकोड म्हणजे दुसऱ्याचं नाव. अंक विकायचा नसेल तर ती जागा मोकळी ठेवा, चित्राला मिळेल.

दोन मिनिटं राहिली. प्रत्येक रांगेच्या टोकाला एक पाकीट ठेवलंय. त्यात सहा मुखपृष्ठं आहेत, अक्षरांवर पट्ट्या आधीच लावल्या आहेत. संगीत कोणतं, ते शेजाऱ्याला न विचारता लिहा, आणि त्याखाली चित्रातल्या कोणत्या गोष्टीवरून तसं वाटलं तेही लिहा. सगळ्यांचं लिहून झाल्याशिवाय पट्टी काढायची नाही. चौथ्या क्रमांकावर घाई करू नका, बोटांकडे नीट बघा.